निकालरेषेवर थांबलेला कॅमेरा

विश्रामबागेतला फोटो स्टुडिओ मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवायचो. फोटो मी काढायचे, खरेदी ते करायचे. माझं ऐकून काही आणलं तर त्यांना कमीपणा वाटायचा.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावानं बैलगाडी शर्यतीसाठी आम्हाला बोलावलं. निकालरेषेवर उभं राहायचं आणि कोणती जोडी आधी आली ते फोटोत पकडायचं. मी भाऊजींना बजावलं, "मेमरी कार्ड वेगाचं आणा. वर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो कार्डातले फोटो बाहेर काढायचा वेग असतो. आपल्याला फोटो आत लिहायचा वेग बघायचाय."

"वहिनी, दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं," ते म्हणाले. शर्यतीच्या सकाळी मोठ्या आकड्याचंच कार्ड माझ्या हातात ठेवलं.

शेवटच्या फेरीत दोन जोड्या अगदी बरोबरीनं आल्या. मी बटण दाबून धरलं. पटापट फोटो निघाले आणि बैल रेषेपासून हातभर लांब असताना कॅमेरा अडकला. कार्डाला तेवढ्या वेगानं फोटो लिहून घेता येईनात. लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. तोवर दोन्ही गाड्या धुरळ्यातून पार झाल्या होत्या.

पंचांनी अंदाजानं निकाल दिला. हरलेला गाडीमालक थेट माझ्याकडे आला.

"आवं बाई, रेषेवरचा फोटू दावा."

"निघाला नाही."

"मग हितं कशाला हुबं केलंय तुमास्नी? का त्यांच्या बाजूच्या हाय तुमी?"

माणसं जमली. मी भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "बोट सुटलं वहिनींचं. बाईमाणूस, गर्दीला घाबरल्या."

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांच्या हातात कोंबलं. "हे यांनी आणलंय. नको म्हणत असताना आणलंय," मी सगळ्यांदेखत सांगितलं. गाडीमालकाला त्याचं काय? तो शिव्या देतच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्याच दुकानात गेले. दुकानदारानं तसलंच कार्ड पुढं केलं.

"लिहायचा वेग किती याचा?"

"ताई, असं कुणी विचारत न्हाई."

"मी विचारतेय."

त्याचं तोंड वाकडं झालं, तरी कॅमेरा न अडखळणारं कार्ड मिळेपर्यंत मी काउंटरवरून हलले नाही.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "चारचौघांत माझी लाज काढायची काय गरज होती?"

"माझी काढलीत तेव्हा?"

आता ते लग्नाचे व्हिडिओ करतात, शर्यती मी एकटी करते. त्या गावानं मला पुन्हा बोलावलं नाही, दुसरी गावं बोलावतात. घरी आम्ही एकाच पंगतीला जेवतो आणि एकमेकांकडे मीठसुद्धा मागत नाही.