बावीस डीलर आणि दीक्षाची सही

दीक्षा सिरसाटला राग लवकर येतो, असं तिच्याबद्दल सगळे सांगतात. साफ खोटं आहे ते. राग तिला उशिरा येतो, पण आला की पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही, घरच्यासारखा मुक्काम ठोकतो. अमरावतीत बडनेरा रोडवर तिने स्कूबा डायव्हिंगची शाळा काढायचं ठरवलं तेव्हा लोक पोट धरून हसले, त्याचा तिला राग आला नाही. समुद्र इथून सातशे किलोमीटर लांब, लोक हसणारच. तिचं टाळकं फिरलं ते पुढे, गजेंद्र गावंडेने तिची आठ महिन्यांची मेहनत एका वाक्यात नालीत टाकली तेव्हा.

पाण्याशी तिचं नातं बापाकडून आलेलं. देवमन सिरसाट चांदूर बाजार तालुक्यात प्रसिद्ध होता. संत्र्याच्या बगीच्यातल्या खोल विहिरींत पंप पडला, दोर तुटला, कुणी जीव दिला, की देवमनला बोलावणं जायचं. त्याच्या आजाला ज्या विहिरींच्या काठावर उभं राहायची सोय नव्हती, त्या विहिरींच्या तळाशी जायला मात्र देवमनच लागायचा. तो एका दमात खाली जायचा, दोर बांधायचा आणि वर येऊन खोकत बसायचा. त्याला चहा मिळायचा तोही वेगळ्या कपातून. दीक्षाने हे सगळं काठावर बसून पाहिलं. सात वर्षांची असताना पाठीला रिकामा डबा बांधून तीही उतरली. पुढे मालवणात जीवरक्षक, मग अंदमानात सहा वर्षं डायव्हिंग शिक्षक, आणि एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने घेतलेले हवेचे आठ सिलिंडर घेऊन ती परत आली.

गजेंद्रकडे पोहण्याची टाकी होती. त्याच्या वडिलांचं मंगल कार्यालय, मागे टाकी, आणि मुख्य धंदा कीटकनाशकांच्या घाऊक विक्रीचा, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत. टाकी त्याची, शिकवणं तिचं, असं ठरलं. पण टाकीत फक्त निम्मं शिक्षण होतं, उरलेलं समुद्रातच. आपल्याकडचा किनारा पावसाळ्यात बंद. म्हणून एक परदेशी ठिकाण हवं होतं, जिथे शाळेची शाखा उघडता येईल आणि तिथलेही विद्यार्थी मिळतील.

दीक्षाने तीन देश काढले. ओमान, थायलंड, श्रीलंका. कुठे कोणत्या महिन्यात पाणी स्वच्छ, परक्या शिक्षकाला कामाचा परवाना किती दिवसांत मिळतो, पाण्यातून घाईने वर आलेल्या माणसाला ज्या दाबाच्या खोलीत ठेवावं लागतं ती किती तासांवर आहे, सगळं तिने खोदून काढलं. श्रीलंकेला स्वतःच्या खर्चाने जाऊन आली. तिथल्या होड्यावाल्यांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हुज्जत घातली. निकाल सरळ होता. थायलंडमध्ये समुद्र उत्तम, पण तिथे शाळाच इतक्या की नव्या माणसाला कुणी विचारणार नाही. ओमान महाग. श्रीलंकेचा पूर्व किनारा मात्र नेमका आपल्या पावसाळ्यात उघडा असतो. तिने चाळीस पानांची फाईल गजेंद्रसमोर ठेवली.

गजेंद्रने फाईल उघडलीसुद्धा नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडत तो म्हणाला, "तुमी तं श्रीलंकाच म्हनान, ताई. तुमच्या समाजाच्या धम्मसहली तिकडंच जातेत ना!"

दीक्षाच्या कानशिलांत रक्त चढलं. आठ महिने, चाळीस पानं, आणि ह्या माणसाने एका फटक्यात तिला जातीच्या खुंटीला नेऊन बांधलं. वर हसतोय, जसं काही गंमत केली.

"फाईल वाचा, गजूभाऊ," ती दात आवळून म्हणाली. "त्याच्यात समाज कोठी लिहिला हाये ते दाखवा मले."

"वाईट नका वाटून घेऊ. पन मार्केट थायलंडच हाये. कंपनीची स्कीम हाये ना, ज्या डीलरनं टार्गेट केलं त्याले पटायाची टूर. बावीस जनं तयार हायेत. यंदा टूरमंदी डायव्हिंग टाकलं. टाकीत एक दिवस शिकवा, तिकडं समुद्रात उतरवा, सर्टिफिकेटवर सही करा. शाळा पह्यल्याच महिन्यात उभी रायते."

दर वर्षी हे कीटकनाशकांचे डीलर कंपनीच्या खर्चाने परदेशी जातात आणि तिथे काय करतात ते दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्यांच्या बायकांना माहीत नाही असं ते समजतात. रात्रभर दारू ढोसून सकाळी पाण्यात उतरलेला माणूस किती वेळ जगतो, हे दीक्षाला ठाऊक होतं. "एका दिवसात कोनी शिकत नाई," ती म्हणाली. "रविवारी टाकीत पाहीन मी एकेकाले. पन आदी तब्येतीचे फॉर्म पाह्यजेत, ज्याचे त्यानं भरलेले. एका बी प्रश्नाले 'हो' आलं, तं डॉक्टरची सही लागन. नाईतर पान्यात पाय टाकू देनार नाई."

"होऊन जाते," गजेंद्र म्हणाला. त्याच्याकडे सगळं होऊनच जातं.

रविवारी बावीस डीलर आले. नवे टॉवेल, नव्या चड्ड्या, पोटं पुढे. नाश्त्याला गिला वडा होता. गजेंद्रच्या दुकानातला कारकून बंडू फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला आणि दीक्षाने पहिलं पान उघडताच तिच्या डोक्यात तिडीक गेली. बावीसच्या बावीस फॉर्मांवर एकच अक्षर. दमा, नाही. रक्तदाब, नाही. हृदयविकार, नाही. वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. इकडे विम्याचा फॉर्म असाच भरतात, कर्जाचा असाच, पोराच्या शाळेचाही असाच. फॉर्म म्हणजे कारकुनाने भरायची गोष्ट, माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

"कोनाले बीपीची गोळी सुरू हाये काय?" तिने मोठ्याने विचारलं. एकही हात वर आला नाही. पहिल्याच रांगेत सूर्यभान टेकाडे बसले होते, चांदूर बाजारचे. मागच्या दिवाळीत त्यांच्या छातीत दोन स्टेंट टाकले, अर्धा तालुका त्यांना पाहायला दवाखान्यात जाऊन आला होता. तेही खुशाल वडा खात बसले होते.

दीक्षा शांतपणे म्हणाली, "बरं. जेवाले आज तीन वाजतीन. नाश्त्यानंतरच्या ज्याच्या त्याच्या गोळ्या आताच घेऊन टाका बाप्पा, मंग आठवन रायनार नाई."

अकरा जणांनी पाकिटं काढली. कुणी खिशातून, कुणी पिशवीतून. सूर्यभानकाका चार गोळ्या एकदम तोंडात टाकून पाणी प्यायले.

"पाहा, गजूभाऊ," दीक्षाचा आवाज आता टाकीच्या पलीकडे जात होता, "पाहा तुमचं मार्केट!"

गजेंद्र तिला बाजूला ओढायला आला, पण तिने हात झटकला. ती फॉर्म उलटत होती, कारण शेवटच्या रकान्यावर तिची नजर अडकली होती. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? बावीस फॉर्मांवर एकच मोबाइल नंबर. गजेंद्रचा.

"तुमचा नंबर काहून?"

बंडूच बोलून गेला, "घरचा नंबर नोका टाकू म्हनले सगळे. तिकडून फोन घरी गेला तं पंचाईत होते."

काही जण हसले. दीक्षाचा तोल तिथे सुटला. "मानूस तिकडं पान्यात मेला, तं फोन गजूभाऊच्या खिशात वाजनार! अन् हे काय करनार? पुढची स्कीम संपली की घरी सांगनार?"

"ताई, आवाज खाली," गजेंद्रचंही तोंड आता लाल झालं. "टाकी मायी हाये, हे ध्यानात ठेवा. तुमी सही नाई केली, तं शाळा आजच बंद."

"टाकी तुमची. पन सही मायी हाये. ते थायलंडले जात नाई."

तिने तिथेच फोन काढला. सूर्यभानकाकांच्या घरचा नंबर तिच्याकडे होता, त्यांच्या विहिरीतले पंप देवमननेच काढलेले. स्पीकर सुरू केला. पलीकडे त्यांची बायको, माणिकबाई.

"काकू, दीक्षा बोलून रायली, देवमनची पोरगी. काका समुद्रात खाली उतरनार हायेत, तुमाले ठाव हाये काय?"

"हाये ना बाई," माणिकबाई म्हणाल्या. "मी तं आदी नाईच म्हनत होती. मंग गजूभाऊ घरी आले. म्हने, देवमनची दीक्षा संग हाये, तिची सही असते, ते असल्यावर काईच होत नाई. तवा म्हटलं, जा. तू हायेस ना माय संग?"

दीक्षाने गजेंद्रकडे पाहिलं. तिचं नाव याने घरोघर जाऊन आधीच विकलं होतं. ज्या नावाला परवा खुंटीला बांधलं, तेच नाव दाखवून या बायकांकडून नवरे मागून आणले होते. तिचा आवाज मात्र सरळ आला.

"नाई, काकू. मी नाई. मी काकाले टाकीत बी उतरवनार नाई. अन् तिकडं कोनी उतरवलं, तं ते मायी सही नसन."



"त्याईले दे फोन," माणिकबाई म्हणाल्या.

दीक्षाने फोन सूर्यभानकाकांच्या हातात दिला आणि आपले सिलिंडर उचलायला गेली. मागून काकांचं "अवं ऐक तं" सुरू झालं होतं, आणि गोळ्या घेतलेले बाकीचे दहा जण टॉवेल गुंडाळून कपडे कुठे ठेवलेत ते शोधत होते.