चार बोटं चुकलेलं माप

माझ्या वहिनीचं माप कधी चुकत नाही, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. ती कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात तिचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात दादाचा टीव्ही. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं 'हं' आणि 'उंहूं' एवढ्यावरच भागतं.

तिची मापं घ्यायची रीत मात्र जगावेगळी आहे. गिऱ्हाइकाला ती ताठ उभं करत नाही. आधी गप्पांना बसवते, मुलाबाळांची चौकशी करते आणि बोलता बोलता टेप फिरवून मोकळी होते. "टेप दिसला की माणूस खोटं बोलतो," ती म्हणते. "पोट आत, छाती बाहेर. त्या मापाचा सदरा घरी जाऊन श्वास सोडला की टरकन फाटतो."

स्वयंपाक मात्र तिला बापजन्मी जमला नाही. त्याची कधी गरजही पडली नव्हती, कारण माझा दादा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होता आणि घरचा ओटाही त्याच्याच ताब्यात होता. "तू शिव, मी शिजवतो," असं लग्नाआधीच ठरलं होतं म्हणे. मी वरच्या मजल्यावर राहते, एकटी. पण जेवायला कायम खाली. दादाच्या हातचं सोडून स्वतःच्या हातचं खायला मला काय वेड लागलंय?

मागच्या वर्षी दादा कॅन्टीनच्या कोठीत शिडीवरून पडला. कंबरेला मार बसला, पायांतला जोर गेला तो परत आला नाही. चाकांची खुर्ची आली. घरी आल्यावर तो थेट स्वयंपाकघराकडे वळला, तर खुर्ची चौकटीला अडकली. त्याने एकदा मागे घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा अडकली. "राहू दे. माझं तिथलं काम संपलं," तो म्हणाला आणि खुर्ची टीव्हीसमोर लावून बसला, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

तो तसा बसला तो बसलाच. दिवसेंदिवस खुर्चीत खचत गेला. चव विचारली तर "बरी आहे" म्हणायचा. हा माणूस पूर्वी मिठाच्या एका चिमटीवरून घर डोक्यावर घ्यायचा! आणि आम्ही खात होतो वहिनीच्या हातचं. मी पडले नणंद, नावं ठेवायचा माझा हक्कच. पण ताटातली भाजी आहे की रस्सा हेच कळेना, तर नाव तरी काय ठेवणार? खरं सांगते, जेवणाचं दुःख नव्हतं. दादा पाहता पाहता विझत चालला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

एका सकाळी वहिनी वर आली. तोंडात एकही टाचणी नव्हती, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"लंबूताई," ती म्हणाली. माझ्या उंचीवरून हे नाव तिनेच पाडलंय. "मी स्वयंपाकघर नवीन करणार. ह्यांच्या मापाचं."

"त्याला विचारलंस?"

"गिऱ्हाइकाला विचारून कधी माप घेतलंय मी?"

माझ्या अंगात वारं शिरलं. त्याच दिवशी आम्ही दोघी एका मोठ्या दुकानात तयार स्वयंपाकघरं बघायला गेलो. काय ती चकाकी! मी तोंडात बोट घालून उभी, आणि वहिनी सरळ खाली वाकून ओट्याच्या पोटात शिरली. विकणारा बिचारा घाबरला. "मॅडम, काही पडलं का?"

"नाही. आतून कसं शिवलंय ते बघतेय. ही फळी काढली तर खाली गुडघे जातील का? हा खण उलटा करून दाखवा."

त्याने उलटा करून दाखवला आणि किंमतही सांगितली. आम्ही त्यांचं थंड पाणी पिऊन बाहेर पडलो. मी हिरमुसले, पण वहिनीचे डोळे चमकत होते. "अगं, खण म्हणजे खिसा. आणि खिसे मला लावता येत नाहीत का?" अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमची वहिनी पाय मोजून अंथरूण शिवणारी.

मग तिचं डोकं असं चालायला लागलं की मला रात्रंदिवस दुसरं सुचेना. मोरी हलवायची नाही, कारण नळ हलवला की सगळे पैसे जमिनीखालीच जिरतात. कपाटं फोडायची नाहीत. खालच्या कपाटांची दारं काढायची आणि आत पुढे ओढायचे खण बसवायचे, म्हणजे बसल्या जागी भांडी हातात येतील. वरचा माळा मला आंदण. "तुला देवाने उंची काय नुसती मिरवायला दिलीय?" आणि दार? दार चौकटीसकट काढायचं. तेवढ्याने खुर्ची आत जात होती. दाराच्या जागी पडदा, आणि पडद्याला आमच्याकडे कापड का कमी होतं! दगडाच्या वखारीत उरलेला एक गुळगुळीत काळा तुकडा तिने घासाघीस करून उचलला. तो बसवायचा तिच्या जुन्या कटिंगच्या टेबलावर, आणि टेबलाचे पाय दादाच्या मापाने कापायचे. त्यावर शेगडी, शेजारी चिरायला जागा, खाली गुडघे मोकळे.

"नवीनच करून घ्या की बाई," आमचे सुतारकाका कुरकुरले. "जुन्याला ठिगळं कशाला?"

"ठिगळ नाही हो, अल्टर," वहिनी म्हणाली.

दादाला आम्ही सांगितलं की नळ गळतोय, थोडी दुरुस्ती आहे. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

राहिलं होतं त्याचं माप. मी त्याच्याशी बोलत बसले, टीव्हीवर कुठलासा सामना चालू होता, आणि वहिनी सुई पडल्याचा बहाणा करून त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर रांगत होती. जमिनीपासून कोपरापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत, गुडघ्याखालून टाचेपर्यंत. दोनदा मला हसू फुटलं. दादाला वाटलं, सामना बघून हसतेय. तिने चुटकी वाजवली, म्हणजे माप मिळालं. सुतारकाकांनी त्याच दुपारी टेबलाचे चारही पाय कापून टाकले.

"आता कच्ची शिलाई," वहिनीने जाहीर केलं. कच्ची शिलाई घालून अंगावर चढवल्याशिवाय ती साधा सदरा पक्का करत नाही, तर स्वयंपाकघर कसं करेल? तिने पुढच्या खोलीतला पलंग बाजूला सरकवला आणि शिवणाच्या खडूने फरशीवर अख्खं स्वयंपाकघर काढलं, अगदी टीव्हीच्या समोर. खोकी रचून कपाटं झाली. बादलीची मोरी झाली. पाय कापलेलं टेबल दगडासकट मधोमध आलं. खिडकी म्हणून तिने भिंतीवर चौकोनही काढला. सुतारकाका दारात उभे राहून डोकं खाजवत होते. मी तर इतकी उतावीळ झाले होते की मोरीतून शेगडीत आणि शेगडीतून कपाटात पाय देत नाचत होते.

"ताई, भिंतीतून चाललीस," वहिनीने मला दटावलं.

दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. तो आमच्याकडे बघत नव्हता. पण बघत नव्हता म्हणावं, तर खोक्यामागून त्याची मान हळूहळू लांब होत होती. वहिनीने शेगडी उचलली आणि खिडकीच्या चौकोनाला चिकटून ठेवली.

मी दादाकडे पाहिलं. त्याचा जबडा हलला. वहिनीने शेगडी अजून थोडी खिडकीकडे सरकवली. तिने मुद्दाम केलं की अडाणीपणाने, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि ती सांगत नाही.

"अगं, तिथे शेगडी?" दादा ओरडला. टीव्ही बंद झाला. "वाऱ्याने क्षणात विझेल! गॅस पसरेल घरभर! अक्कल गहाण ठेवलीय का दोघींनी?"

वर्षभरात पहिल्यांदा तो ओरडला होता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता तो खुर्ची फिरवून पुन्हा पाठ करतो की काय, या भीतीने मी जागच्या जागी थिजले.

"मग कुठे ठेवू?" वहिनी शांतपणे म्हणाली.

खुर्ची निघाली. खडूच्या चौकटीतून आत शिरली, सरळ, कुठेही न अडकता. "ही इकडे. मोरी डाव्या हाताला, म्हणजे पातेलं उचलायला नको, सरकवलं की झालं. हे खोकं हलवा. मी वळू कुठून? सुतारकाका, बघत काय उभे राहिलात? आणि एक कांदा द्या कुणीतरी. सुरी."

मी धावत कांदा आणला. दादाने दोन्ही बाह्या वर सारल्या, टेबलाखाली गुडघे घातले आणि सुरी हातात धरली. सुरी हातात आली मात्र, त्याची पाठ सरळ झाली. खांदे मागे गेले. वर्षभर खुर्चीत गाडला गेलेला माझा भाऊ हातभर वर आल्यासारखा दिसला. आणि त्याला वाकावं लागलं. कांदा फार खाली होता.

"हे कुणाच्या मापाचं केलंय?" तो वैतागून म्हणाला. "एखाद्या म्हाताऱ्याच्या? कंबरेचा काटा ढिला होईल माझ्या!"

वहिनीने गळ्यातला टेप काढला. गुपचूप नाही, रांगत नाही. त्याच्यासमोर उभी राहून, त्याला दाखवून, तिने त्याच्या कोपराचं माप घेतलं. मग टेबलाचं. मधल्या फटीत तिने आपला पंजा आडवा धरला. बरोबर चार बोटं.

"चुकलं," ती म्हणाली. मग मोठ्याने, "माझं माप चुकलं!" आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मला तेव्हा कळलं. तिने माप घेतलं होतं टीव्हीसमोर खचून बसलेल्या माणसाचं. हा माणूस तो नव्हताच.

दादा गोंधळला. "अगं, रडायला काय झालं? एवढंसं तर आहे."

"बाई, कापड उसवता येतं," सुतारकाका हळूच म्हणाले. "कापलेलं लाकूड कसं वाढवू?"

"ठोकळे लावा खाली," वहिनी नाक पुसत म्हणाली. "चारही पायांना."

स्वयंपाकघर पुढे खरंच झालं, आणि कच्च्या शिलाईत ठरलं तसंच झालं. दार गेलं, पडदा आला. माळ्यावर माझं राज्य. दादा परत मिठाच्या चिमटीवरून भांडतो आणि वहिनीला पडद्याच्या आत पाऊल टाकू देत नाही. सुतारकाकांनी ठोकळ्यांना टेबलाचा रंग द्यायचा आग्रह धरला होता, जोड दिसायला नको म्हणून. वहिनीने ऐकलं नाही. ते तसेच कोरे आहेत, वेगळ्या लाकडाचे, लांबूनही दिसतात.

परवा एक नवी बाई माप द्यायला आली होती. शिवण बिघडायच्या भीतीने तिने विचारलं, "तुमचं माप कधी चुकत तर नाही ना?"

पडद्याआड फोडणीचा चर्र आवाज झाला. वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"एकदा चुकलंय," ती म्हणाली. "चांगलं चार बोटं." आणि बक्षीस मिळाल्यासारखी हसली.