दगडाला पाणी नको

द्रावणाचा एक थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, डोळे बारीक करायचे, बाजूला थुंकायचे आणि म्हणायचे, "बसंल." आमच्या गावच्या त्या कारागिरांची परीक्षा एवढ्यावर पुरी होत असे. द्रावणाची दाटी मोजायची काचेची नळी ते पिंपात तरंगवीत, तिच्यावरचा आकडाही वाचीत. परंतु अंतिम निकाल जीभच देई.

उमापूरच्या बाहेर, गेवराईच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तेथे ते पिठाच्या गिरणीचे दगड ओतीत. गिरणीचा दगड डोंगरातून घडवून आणतात, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. ती त्यांनी पहिल्याच भेटीत मोडली. कुरुंदाची खडी, भाजलेल्या मॅग्नेसाइटची पूड आणि या दोहोंना एकत्र धरून ठेवणारे मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी, असा तो मसाला. तो लोखंडी साच्यात ठासून भरायचा, घट्ट बसला की साचा उघडायचा, आणि मग दगड एकवीस दिवस सावलीत उभा ठेवायचा.

"हे क्लोराइड म्हणजे नेमके काय?" मी विचारले होते.

"समुद्राचं हाय, गुरुजी. मिठागरात खायाचं मीठ काढून घेत्यात. मागं जे कडू पानी ऱ्हातं, त्याचेच हे खडे."

समुद्रमंथनाची कथा मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवली. चौदा रत्ने निघाल्यावर मागे उरलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला कधीही सुचला नव्हता. त्या दिवसापासून मी त्या शेडकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

हे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि आपोआप वितळू लागते. त्यामुळे शेडमध्ये कोणीही पाऊल टाकले, की नमस्काराच्या आधी त्यांचा आवाज येई, "पोत्याचं तोंड बांधलंय का बगा!" एकदा तालुक्याचे मोठे पुढारी आले होते. त्यांनाही त्यांनी हेच सांगितले, आणि पुढाऱ्यांनी निमूटपणे सुतळी आवळली.

गावाने त्या मिठाला अनेक कामांना जुंपले. कपाशीची पाने लाल पडू लागली, की कोणीतरी शेतकरी दारात उभा राही.

"मूठभर दे बे. फवारून बगतो."

"मीठ हाय ते. जास्त झालं तर पान करपंल, मंग मला शिव्या देशील. आधी माती तपासून आन. मारायचंच झालं तर लई पातळ कर, कपाशीच्या चारच वळींवर मार, न् आठ दिस बग."

"एवढं थांबाया सांगतो, तू दुकानदार हाय का साधू?"

"दुकानदार असतो तर पोतं दिलं असतं की!"

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी इतकी धूळ उडे, की नांदी म्हणताना मुलींना ठसका लागे. एका वर्षी त्यांनी आदल्या संध्याकाळी मैदानावर पातळ द्रावण शिंपडले. चार दिवस धूळ जमिनीला धरून राहिली. मुख्याध्यापकांना सगळे आवार शिंपून हवे होते. परंतु मिठाने मुळे जळतील म्हणून कडुनिंबाच्या रोपांजवळ कारागिरांनी झारी नेली नाही.

माझे गुडघे दुखू लागले तेव्हा एक दिवस ते खड्यांची पुडी घेऊन घरी आले. "कोमट पान्यात टाका, पाय बुडवून बसा."

"याने बरे होईल?"

"ते मला न्हाई ठावं. दिसभर उभं ऱ्हाऊन माजे पाय भरून येतात, मला बरं वाटतं. तुमाला आग झाली तर सोडून द्या."

मी कित्येक संध्याकाळी पाय बुडवून बसलो. आराम मिठाने पडला, कोमट पाण्याने, की तेवढा वेळ स्वस्थ बसल्याने, हे मी निश्चयाने सांगू शकत नाही. त्यांनीही कधी विचारले नाही.

आता जे सांगायचे आहे, ते सांगणे मला कठीण आहे.

आमच्या गल्लीत एका बाईंची गिरणी होती. पती गेल्यापासून त्या एकट्या ती चालवीत. जुना दगड झिजला, पीठ जाडे पडू लागले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे वळले. बाईंनी आमच्या कारागिरांकडून नवा दगड ओतवून घेतला आणि पूजेसाठी मला बोलावले; शाळेबरोबर गावची भिक्षुकीही मीच करीत असे. मी पंचांग पाहिले. उत्तम मुहूर्त दगड ओतल्यापासून अकराव्या दिवशी होता.

ते म्हणाले, "एकवीस दिस होऊ द्या, गुरुजी. आजून कच्चा हाय."

"पूजा करायची आहे, दळण नव्हे. दगड शेडमध्येच राहील," मी म्हणालो. "मुहूर्त दवडू नये."

ते साचा पुसायला वळले. पूजेच्या सकाळी त्यांना एका गिरणीच्या दगडाला टाकीने खाचा पाडून देण्यासाठी नेकनूरला जावे लागले. त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या गैरहजेरीत, मी त्या दगडाला पंचामृत घातले. रुद्राची आवर्तने करीत अकरा तांबे पाण्याचा अभिषेक केला. शेवटी ओले वस्त्र गुंडाळले आणि ते तसेच ठेवून आलो. माझ्या मनात भक्तीवाचून दुसरे काही नव्हते. परंतु त्या दगडाला बांधून ठेवणारे मीठ पाण्यात विरघळते, हे त्यांनी मला अनेकदा सांगितले होते; पूजेच्या वेळी ते मला आठवले नाही.

एकवीस दिवस भरताच बाईंनी दगड नेऊन बसवला. गिरणी सुरू झाली आणि दोन दिवसांत भाकरीत कच लागू लागली. लोक डबे घेऊन परत आले. बाई दारात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. कोणीतरी कारागिरांना बोलावून आणले.

"का बे, खडी दळून देतो का लोकायला?" एकाने विचारले.

"म्हातारा झाला. जिभेची चव गेली त्याची," दुसरा म्हणाला, आणि लोक हसले.

त्यांनी पिठाची चिमूट बोटांत चोळली. दगडावरून हात फिरवला. कडेला पंचामृताचा पिवळट डाग होता. त्या डागावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच उभा होतो.

"मसाला माजा चुकला," ते म्हणाले. "दुसरा ओतून देतो, बाई."

मी बोललो नाही. जन्मभर मुलांना सत्याचे पाठ दिले, आणि मी बोललो नाही.

दुपारी शेडवर गेलो. ते खडी चाळत होते. मी म्हणालो, "उद्या मी सर्वांसमक्ष सांगतो."

"कावून?" चाळणी थांबली नाही. "पूजेनं दगड बिघडला म्हनल्यावर लोकं पूजाच करायची न्हाईत. माजा दगड पुन्ना वतता येतो. तुमचं तसं न्हाई."

"पण तुमचे नाव—"

"बसंल ते बी. पोत्याचं तोंड बांधा जाताना."

दुसरा दगड त्यांनी ओतून दिला आणि बाईंची गिरणी सावरली. परंतु त्या वर्षी आसपासच्या तीन गिरण्यांनी दगड परगावाहून आणले. मी प्रत्येक वेळी बोलायचे ठरवले आणि प्रत्येक वेळी त्यांचा शब्द पुढे करून गप्प राहिलो. तो शब्द मला सोयीचा होता, हे आज लिहितो.

गेल्या आषाढात ते गेले. बाईंचा दगड पुन्हा झिजत आला होता आणि नवा त्यांनी आधीच ओतून ठेवला होता. तो आणायला मी आणि बाई शेडवर गेलो. पोत्याचे तोंड उघडे राहिले होते. मीठ पाझरून जमिनीवर ओल पसरली होती. मी सुतळी आवळली. बाईंनी भिंतीला टेकलेला दगड वळवला. पाठीवर कोळशाने ओतल्याची तारीख लिहिली होती आणि खाली एक ओळ: "एकवीस दिस झाल्यावर गुरुजी."

एकवीस दिवस पुरे झाल्यावर पूजेला सगळी गल्ली जमली. बाईंनी पाण्याचा भरलेला तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूला सारला आणि म्हणालो, "तेव्हा कच पडलेला तो दगड त्यांच्या मसाल्याने बिघडला नव्हता. माझ्या अभिषेकाने बिघडला. मी तेव्हाच सांगायला हवे होते."

त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकाने टोपी काढून हातात धरली.

बाई हळूच म्हणाल्या, "मला ठाव होतं, गुरुजी. ते वलं कापड मीच सोडलं होतं. त्यांनी मला बोलू दिलं न्हाई."

मी कोरडे गंध लावले, कोरड्या अक्षता वाहिल्या, झेंडूचे एक फूल ठेवले आणि दगडाला हात जोडले. दगड बसवला गेला, पट्टा चढला. मग तो भरलेला तांब्या उचलून मी बाहेर आलो आणि अंगणातल्या तुळशीला घातला. आत दळण सुरू झाले होते.