गरवणाऱ्या सिस्टर

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की सिस्टर रोझलिन आपला पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचायच्या, कॉन्व्हेंटच्या मागच्या दाराशी टेकवलेली बांबूची काठी उचलायच्या आणि खाडीकडे चालू लागायच्या. एका खिशात जपमाळ, दुसऱ्या खिशात कोलंबीची डबी. गरीने मासे पकडणं, म्हणजे गरवणं, रत्नागिरीत कुणाला नवलाचं नाही. पण गरवायला निघालेली सिस्टर पाहून बँकेत नव्याने बदलून आलेले साहेब स्कूटर थांबवून बघत राहत. सिस्टर त्यांना भरतीची वेळ सांगून पुढे जात.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. घाटावरून लग्न होऊन इथे आलेली, त्यामुळे मला सगळ्याचंच आश्चर्य. एकदा न राहवून विचारलं, की संन्यास घेतलेल्या बाईला मासे मारणं शोभतं का. सिस्टर गाठ मारता मारता म्हणाल्या, "येशूच्या शिष्यांत मासे धरणारे चिकार होते, बाई. मराठीची बाई एक पण नव्हती." त्यानंतर मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं.

त्यांचं माहेर खाडीकाठचं. वडील तरीवर होते, माणसांना होडीतून पलीकडे पोचवायचे, आणि पोरीला गरवायला त्यांनीच शिकवलं. "माशाला घाई समजते," हे सिस्टरांचं आवडतं वाक्य. ते त्या भूगोलाच्या तासाला मुलींना ऐकवत, मदर सुपीरियरना ऐकवत आणि मी वह्या तपासताना चिडले की मलाही ऐकवत.

एकदा मी आणि माझे यजमान त्यांच्याबरोबर गेलो होतो. तासाभराने चांगली दोन-अडीच किलोची तांबोशी लागली. सिस्टरांनी ती ओल्या हाताने धरली, पोटावरून अंगठा फिरवला आणि "पोटुशी हाय" म्हणून अलगद पाण्यात सोडून दिली. गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, हा यजमानांचा जीव की प्राण. ते वाटभर मागे वळून पाण्याकडे बघत होते. सिस्टरांचा मात्र हा नियमच होता, आणि पावसाळ्यात तर त्या निम्म्याहून जास्त मासे सोडून रिकाम्या हाताने परत येत.

हे सगळं त्या एका जाड वहीत लिहीत. कुठला मासा कुठल्या भरतीला येतो, गरीला काय लावावं, आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून कुठे उभं राहावं, पाणमांजर दिसलं तर त्या दिवशी घरी का जावं. इतकं सोपं आणि नितळ मराठी मी पाठ्यपुस्तकातही क्वचित वाचलं असेल. मी कौतुक केलं तेव्हा त्यांनी मला एका इंग्रज जोगिणीची गोष्ट सांगितली. पाचशे वर्षांपूर्वी तिने शिकारीवर लिहिलं म्हणतात, गरवण्यावरही लिहिलं म्हणतात. अशी कुणी बाई खरंच होती का, याचीच विद्वानांना शंका आहे. पण ते गरवण्याचं लिखाण मुद्दाम मोठ्या, महागड्या ग्रंथात घालून छापलं होतं. स्वस्तात मिळालं तर रिकामटेकडे लोक नद्यांतले मासे संपवतील म्हणून. "ती बाई असो की नसो," सिस्टर म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला माणसं बरोबर कळली होती."

हे ऐकूनही मला काही कळलं नाही, याची आज लाज वाटते. एका स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी त्या वहीतलं एक प्रकरण मागून घेतलं. सिस्टर आधी नको म्हणाल्या, मग माझा उत्साह बघून त्यांनी दिलं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. त्यात जिथे जिथे ठिकाण यायला हवं तिथे नुसती रेघ होती. मला वाटलं, राहून गेलंय. निबंधात स्थळ-काळ नेमका हवा, हे मुलींना शिकवण्यात माझी उमर गेली. कांदळवनामागची ती कोंड, तिथला खोल डोह, मी पाहिलेला होता. मी सगळ्या रेघांवर त्याचं नाव लिहिलं, जायची पायवाटसुद्धा घातली.

लेख आषाढात आला. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्रातली मासेमारी बंद आणि पुढे श्रावण. लेखाचा फोटो मोबाइलवरून गावभर फिरला. दुसऱ्या दिवसापासून कोंडीवर मोटरसायकली लागल्या. आधी गऱ्या आल्या, मग जाळी. गाबोळीने भरलेले मासे पिशव्या भरभरून गेले. पंधरा दिवसांनी सिस्टर शनिवारी गेल्या आणि तासभर बसून परत आल्या. गरीला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

मी रडत माफी मागायला गेले. त्यांनी मला पाणी दिलं. नंतर म्हणाल्या, "ती रेघ मी मारलेली होती, बाई. विसरलेली नव्हते." त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुरवणीच्या संपादकांना पुढचं प्रकरण हवं होतं, पुस्तक काढायचीही तयारी होती. सिस्टरांनी वही कपाटात ठेवली आणि वर्षभर काठीला हात लावला नाही. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच बोलत. मलाच त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नसे.

मग त्यांची बदली झाली, दूर विदर्भात. निघायच्या आदल्या शनिवारी त्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, चला. हातात काठी होती. आम्ही बराच वेळ चाललो, ओढ्यासारखा एक व्हाळ ओलांडला, करवंदीच्या जाळीतून वाकून गेलो. पुढे पाण्याचा एक शांत कोपरा होता. वहीत त्याच्यासाठी रेघसुद्धा नव्हती. सिस्टरांनी गरी टाकली नाही. बोट दाखवून मासे अंडी घालायला कुठून आत येतात तेवढं सांगितलं. मी विचारलं, मला कशाला दाखवताय, मी काय केलं ते ठाऊक असून?

"कुणाला तरी माहीत पायजे," त्या म्हणाल्या. "आनि आता तुमी सांगायच्या नाय."

दोन वर्षांनी त्या तिकडेच वारल्या. गेल्या पावसाळ्यात यजमान खिडकीशी बसून म्हणाले, तांबोशी खाऊन किती वर्षं झाली, सिस्टरांनी तुला दुसरी एखादी जागा सांगितली असेलच की. मी भाजी चिरत होते. मान वर न करता नाही म्हटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी खोटं बोलले ते एवढंच.