विलायती देव आणि अर्धा ग्लास पाणी

आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, सल्ला मात्र चोवीस तास. त्या दुष्काळाच्या वर्षी मी दोन गोष्टींवर सल्ला मागायची चूक केली: चिकलठाण्याच्या एका हॉटेलात वेट्रेस म्हणून लागू का, आणि केल्टिक लोकांच्या जुन्या धर्मावर पुस्तक लिहू का. तेव्हापासून किस्से साठतच गेलेत.

बाबांचा सल्ला सगळ्यात छोटा होता. हॉटेलवाल्यानं महिन्याच्या ट्रायलनंतर ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर पुस्तकाची वही बंद आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. वहीत तर तीन प्रकरणं लिहून झाली होती.

आत्या म्हणाली, वेट्रेस म्हणू नकोस, 'हॉस्पिटॅलिटीत आहे' म्हण, स्थळं चांगली येतात. मग केल्टिक म्हणजे कोण, असं विचारलं. मी सांगितलं, ख्रिस्ती धर्म यायच्या आधीचे युरोपातले लोक, झाडं आणि विहिरी पूजायचे.

"मग त्यात नवीन काय? मी दरवर्षी वडाला फेऱ्या मारतेच की."

दोन वर्षांचा अभ्यास एका वाक्यात निकाली!

शेजारचे रिटायर्ड प्राध्यापक म्हणाले, असली पुस्तकं कुणी वाचत नाही. ते अनुभवानं बोलत होते. त्यांचा स्वतःचा प्रबंध कूलरच्या तुटक्या पायाखाली टेकण म्हणून आहे, आणि त्या वर्षी पाण्याविना कूलरही बंद होता.

हॉटेलातले हेड वेटर रशीदचाचा. त्यांचा सल्ला तेवढा कामाचा.

"बेटा, चार ताटं तर कुणीबी उचलतंय. ग्लास अर्धाच भरायचा, येइच असली हुनर है."

पहिल्याच दिवशी मी एका टेबलाचे सगळे ग्लास काठोकाठ भरले. गिऱ्हाइकं खूश झाली, शेठ काउंटरवरून उठून उभे राहिले. पुढं महिनाभर ते मला 'गंगामाई' म्हणत होते.

महिना संपायला चार दिवस असताना हॉटेलचा बोअर आटला. माझ्या विहिरींच्या प्रकरणाची बातमी चाचांनी शेठपर्यंत पोचवलीच होती. शेठनी मला मागच्या अंगणात बोलावलं.

"तुझ्या त्या विलायती देवाला इचार की. पाणी लागलं तर तू पर्मनंट."

मी फक्त लिहिते, पुजारी नाही, असं सांगून पाहिलं. शेठना तो विनय वाटला. शेवटी वहीत लिहिलं होतं तेच केलं. ते लोक विहिरीजवळच्या झाडाला चिंधी बांधून मागणं मागायचे. मी टेबल पुसायचं फडकं फाडलं आणि बोअरशेजारच्या कडुलिंबाला एक चिंधी बांधली. मागणं पाण्याचं नव्हतं, वहीचं होतं.

घरी जेवताना हे सांगितलं. शिकलेल्या माणसानं असले धंदे करू नयेत, म्हणाले बाबा, आणि ताटावरून उठले.

तीन दिवसांत झाडाला पन्नासेक चिंध्या झाल्या. टँकरच्या रांगेतल्या बायका, आसपासच्या कंपन्यांतले कामगार, सगळे बांधून गेले. चाचांचा रुमालही होता. बोअर कोरडाच होता.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी मी मागच्या अंगणात गेले. माझ्या चिंधीच्या अगदी शेजारी, दोन गाठी मारून, बाबांच्या जुन्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाची बाही बांधलेली होती.