सोफियाचं बारसं

घुगऱ्यांचा वास आला की मला बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोमधलं एक बारसं आठवतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सिंगापूरला नुकतीच शिकायला आले होते, मराठी कानावर पडेल म्हणून गेले. बाळाची आई कौतुकाने सांगत होती, “सोफिया ग्रीक नाव आहे. अर्थ, प्रज्ञा.” मी पटकन म्हणाले, “मग प्रज्ञाच ठेवा ना, ताई!” “छे गं, ते त्यांच्यात ठेवतात.” आम्ही बौद्ध, माझ्या धाकट्या बहिणीचं नाव बाबांनी हौसेने प्रज्ञा ठेवलंय. अडखळत मी बहिणीचं नाव तेवढं सांगितलं. “हो का? गोड आहे हं,” म्हणत ताईंनी विचारलं, “तुझं आडनाव काय म्हणालीस?” संध्याकाळी कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला. बाबांनी विचारलं, “भेटली का गं आपली माणसं?” मी हो म्हणाले. बाबांना अजूनही तसंच वाटतं.