रेगेन्सबर्गची बाळंतीण

माझ्या आईनं जर्मनीत, भर बाजारात, एका बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधलं. ती बाळंतीण आमच्या ओळखीची नव्हती.

असलं काही झालं की आमच्या घरात एकच प्रश्न विचारतात, "तवा पव्या कुटं होता?" पव्या म्हणजे मी. तर मी तिथंच होतो. नुसता नव्हतो, दुभाष्या म्हणून होतो!

त्याचं असं झालं. आमचं गाव माले. गावात मला सगळे नकलाकार म्हणून ओळखतात. ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, सर्दी झालेले हेडमास्तर, मिक्सरमध्ये चमचा राहिल्यावरचा आवाज, सगळं येतं. माझी मोठी बहीण रूपाताई हिंजवडीत कामाला होती. तिला आणि दाजींना कंपनीनं जर्मनीला पाठवलं, न्यूरेंबर्गला. ती फोनवर तिकडच्या लोकांशी बोलायची ते ऐकून मी गणपतीत स्टेजवर 'जर्मन मॅनेजर' केला. "आख्त्सेन फाफेन श्नुर्गेन, ग्लुख!" असं दहा मिनिटं. आता मला जर्मन येत नाही, जर्मन आवाज येतो. पण सगळं गाव हसलं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते खरं धरलं.

"आमच्या पव्याला जर्मन येतंय," ते दूध डेअरीवर सांगून आले.

मी नाही म्हणालो नाही. (इथं चूक झाली. पुढच्या सगळ्या चुका हिच्याच लेकी.)

मग ताईला मुलगी झाली. बाळ वेळेवर आलं, आमचा व्हिसा आला नाही. आई रोज फोन करून ताईला विचारायची, "शेक घेतीस का? कान बांधतीस का?" आणि ताई म्हणायची, "आई, मी मीटिंगमध्ये आहे." बाळंतपणाच्या रजेवर असून मीटिंगमध्ये! शेवटी बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर आम्ही तिघं पोचलो. आईनं सोबत स्टीलच्या डब्यात डिंकाचे चाळीस लाडू आणले होते. खारीक, खोबरं, मेथी, आणि तूप इतकं की डबा हातात धरला तरी निसटायचा. सव्वा महिना उशीर झाला तरी लेकीचं बाळंतपण करूनच जायचं, असं ती ठरवून आली होती.

ताईनं पहिला लाडू हातात घेतला, फिरवला, परत ठेवला.

"आई, एका लाडवात किती कॅलरी असतील माहितीये का?"

"म्हंजे?"

"म्हणजे लई जड आहे गं हे. आणि हितं सगळं घर गरम असतं. फडकं-बिडकं काही लागत नाही."

डबा फ्रिजच्या वर गेला. आणि एकदा का डबा फ्रिजच्या वर गेला की तो डबा राहत नाही, फर्निचर होतो. आई येता-जाता त्याच्याकडं बघायची आणि बाळाला मांडीवर घेऊन बाळालाच सांगायची, "तुजी आय शाणी झालीया बरं का. तिला कायबी लागत न्हाई. आपुन उगंच आलो."

दाजी हा मनुष्य टेन्शन आलं की एक्सेल उघडतो. त्यांनी तीन रविवार, तीन शहरं, तीन ख्रिसमस मार्केट असा तक्ता केला. न्यूरेंबर्ग, रेगेन्सबर्ग, साल्झबर्ग. प्रत्येक ठिकाणी 'बाथरूम' असा वेगळा कॉलम.

पहिल्या रविवारी न्यूरेंबर्ग. लाकडी टपऱ्या, वर लाल-पांढरी कापडं, लायटिंग, मधाच्या केकचा वास. आई बघत होती, पण तिचं लक्ष ताईच्या उघड्या कानांवर. अण्णा सगळी जत्रा एक चक्कर मारून आले.

"पाळणा हाय एक. बारका. कुस्त्या कवा हायेत?"

"अण्णा, कुस्त्या नसतात इथं," दाजी म्हणाले.

"भोंगा बी न्हाई. कोण हरवलं तर पुकारत्यात कसं?"

"इथं कोणी हरवत नाही."

"मग ही कसली जत्रा!"

तिथं बुटाच्या आकाराच्या कपातून गरम गरम वाइन देतात, लवंग-दालचिनी घातलेली. अण्णांनी वास घेतला आणि काढा म्हणून जाहीर केलं. मग त्यांना खोकला आला. थोड्या वेळानं परत आला.

"तुमाला खोकला कवापासनं?" आई म्हणाली.

"हितली हवाच तसली हाय," अण्णा दुसऱ्या बुटातून म्हणाले.

दुसरा रविवार रेगेन्सबर्ग. निघताना पाहिलं, फ्रिजवर डबा नव्हता. तो आईच्या पिशवीत होता. तिला वाटत असणार, उघड्यावर भूक लागल्यावर तरी लेक खाईल.

आता आमचा अवतार सांगतो, कारण पुढं त्याला महत्त्व आहे. आई हिरव्या जरीच्या काठाच्या लुगड्यात, वर ताईचा जुना कोट, डोक्याला लोकरीचा स्कार्फ. अण्णांनी थंडी डोक्यातून शिरते म्हणून माकडटोपीवर अख्खी शाल मुंडाशासारखी गुंडाळलेली. आणि मी? "मला कसली थंडी!" असं म्हणून मालेतच जाड जॅकेट ठेवून आलेला शूर माणूस. तेव्हा मी सोलापुरी चादर पांघरून. मरून रंगाची, मोरांची.

चार वाजले, अंधारायला लागलं. बाळाला दूध पाजायला ताई आणि दाजी एका कॅफेत शिरले.

"पव्या, आईअण्णांना सांभाळ. तुला जर्मन येतं ना?" ताई म्हणाली. तिला खरं माहीत होतं. तिला नुसतं ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"येतं की," मी म्हणालो.

चौकाच्या कोपऱ्यात एक गोठा उभा केला होता. वर गवत, आत चार मेंढ्या, एक गाढव. मध्ये पेंढ्यावर एक पोरगी बसलेली. अंगावर निळं कापड, केस मोकळे, मांडीवर तान्हं बाळ. शेजारी एक दाढीवाला काठी धरून उभा. लोक दोरीच्या अलीकडं गप उभे राहून फोटो काढत होते.

आई थांबली.

"पव्या, ही बाळंतीण गोठ्यात कुणी बसीवली?"

"आई, ते सोंग हाय. येशूचा जन्म गोठ्यात झाला ना, ते दाखवत्यात. ती मरिया."

"सोंग असू दे. बाळ खरं हाय का न्हाई?"

बाळानं तेवढ्यात जांभई दिली.

"खरं दिसतंय," मी म्हणालो.

"बाळ खरं म्हंजी बाळंतीण बी खरी. वली बाळंतीण हाय ती, पव्या! आन् कान बघ. उघडं!"



"आन् ह्यो बाबा नुसता काठी धरून उभाय," अण्णा म्हणाले. "पानी तरी तापवावं मानसानं."

मी आईचा कोट धरायला हात पुढं केला, तर हातात नुसती गार हवा आली. आई दोरीखालून पलीकडं गेली होती! पेंढ्यावर बसली, स्वतःच्या डोक्याचा स्कार्फ काढला, त्या पोरीचे केस मागं सारले आणि कानावरून घेऊन हनुवटीखाली अशी गाठ मारली की ती गाठ फक्त आईला सुटते. पोरगी बघतच राहिली. मग आईनं डबा उघडला.

"खा. लाजू नगंस."

पोरीनं दाढीवाल्याकडं बघितलं. दाढीवाल्यानं काठीकडं बघितलं. पोरीनं लाडू घेतला, चावला, डोळे मिटले आणि जी सुरू झाली! दोन तास पेंढ्यावर बसून तिच्या पोटात कावळे ओरडत असणार. दुसरा लाडू तिनं स्वतःच घेतला.

अण्णांना राहवेना. तेही दोरीखालून आत. बाळाला पहिल्यांदा बघितलं की हातावर काहीतरी ठेवायचं, आमच्यात रिकाम्या हातानं बघत नाहीत. त्यांनी कोपरीच्या खिशातून दहाचं पिवळं नाणं काढलं आणि बाळाच्या मुठीत ठेवलं. आईनं पिशवीतून पुडी काढली. ओवा आणि धूप, लेकीच्या धुरीसाठी आणलेला, तोही न वापरलेला.

"पव्या, हिला सांग, निखाऱ्यावर टाकून धुरी घ्यायची. सांग की जर्मनमदी!"

झालं! मीही चादर सावरत आत गेलो. समोर शंभरएक माणसं. आता पळापळ होईल, पोलीस येतील, असं मला वाटलं. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. एक म्हातारी तर डोळे पुसत होती.

तेवढ्यात मागून तीन माणसं आली. डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट, अंगात झगे, हातात पेट्या. ते आमच्याकडं बघत उभे. आम्ही त्यांच्याकडं. आमची जागा त्यांची होती हे मला कळलं, पण का ते कळलं नाही. त्यातला थोरला राजा माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलला.

अण्णा अभिमानानं बघत होते. माघार शक्यच नव्हती.

"आख्त्सेन फाफेन श्नुर्गेन," मी म्हणालो. "ग्लुख."

राजानं मुकुट सावरला. मग तो हळूहळू, मोठ्यानं, हातवारे करून बोलला, आपण बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलतो तसं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, मी म्हणायचो, "या, या." (जर्मनमध्ये हो, हो. तेवढं एक खरं येतं.) चार-पाच वेळा "या" झाल्यावर त्यानं माझ्या हातात गाढवाची दोरी दिली, खांद्यावर थोपटलं, आणि तिघंही राजे समोरच्या टपरीवर बुटातून काढा प्यायला निघून गेले!

"काय म्हनला?" अण्णांनी विचारलं.

"वळख काढत होता," मी म्हणालो.

पुढं पाऊण तास मी ते गाढव धरून उभा. सोडावं तर ते पळणार, न सोडावं तर ते चादर खाणार. मोर खाल्ला त्यानं एक. त्याला गप ठेवायला मी हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिलो. कुठल्या भाषेत, ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी गर्दीतून ताई धावत आली. मागं दाजी, पोटाला बाळ बांधलेलं.

"आई! अगं काय केलंस हे? ऊठ आधी!"

ती त्या पोरीची माफी मागायला लागली, खऱ्या जर्मनमध्ये. तर ती पोरगी तिचा हात धरून, लाडवाचं तोंड तसंच, काहीतरी बोलायला लागली. बराच वेळ. ताईची माफी मध्येच राहिली.

"काय म्हनतीया?" आईनं विचारलं.

"म्हणतीये... बाळ झाल्यापासून सगळे बाळाला बघायला आले. कुणी खेळणी आणली, कुणी कपडे. तिला कुणी विचारलं नाही, तू काय खाल्लंस. आज पहिल्यांदा."

"मग? तिची आय कुटं असती?"

"लांब. दुसऱ्या शहरात."

आईनं आणखी चार लाडू काढून त्या पोरीच्या ओच्यात टाकले. ताई डब्याकडं बघत होती.

"आई, किती उरलेत?"

आईनं झाकण लावलं. "तुला कशाला? त्यात ते असतंय ना. क्यालरी."

"दे गं."

"जड पडंल."

"आई, दे ना गं!"

तिनं उभ्या उभ्या तीन खाल्ले. आईनं अण्णांच्या डोक्यावरचं मुंडासं उकललं आणि त्याच शालीनं, भर चौकात, ताईचे कान बांधले. ताई एवढंच म्हणाली, "फार घट्ट नको."

मग ती डोळे पुसणारी म्हातारी पुढं आली आणि ताईला काहीतरी सांगून गेली. ताई हसायलाच लागली. पूर्वेकडच्या लांबच्या मुलखातनं तीन जाणते राजे येतात, बाळासाठी सोनं, धूप आणि एक जातीचा डिंक घेऊन, असं त्यांच्या गोष्टीत आहे म्हणे. या वर्षीचे राजे लई खरे वाटले, असं म्हातारीचं म्हणणं पडलं.

अण्णांनी हिशेब जुळवून बघितला. नाणं, पुडी, लाडू.

"मंग! आपल्यातलंच हाय की सगळं," ते म्हणाले आणि त्यांना परत खोकला आला.

तिसऱ्या रविवारी साल्झबर्गला आईनं टपऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. ती अख्ख्या शहरात खायचा डिंक शोधत होती, कारण लाडू संपले होते आणि लेक मागत होती. दाजींनी एक्सेलमध्ये 'डिंक' असा कॉलम टाकला. आईला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

गावी परत आल्यावर अण्णा पहिल्याच सकाळी डेअरीवर गेले. मी किटली घेऊन मागं.

"काय अण्णा, पव्या बोलला का न्हाई जर्मन?" कुणीतरी विचारलं.

"बोलला म्हंजी! पाऊण तास!"

"कुनाशी?"

अण्णांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. खाल्लेल्या मोराची चादर पांघरून मी, हातात दोरी, तोंड उघडं, आणि माझ्या तोंडाकडं एकटक बघणारं ते गाढव.

फोटो डेअरीवर हातोहात फिरला.

"आन् त्याला कळत होतं?"

"कळत होतं तर," अण्णा म्हणाले. "कान हालवत होतं की!"